अर्ध्या किलोची वडी आणि दहा ग्रॅमची गरज

पाव घरी करायला लागलेल्या माणसाला कधी ना कधी ताज्या यीस्टची ओढ लागतेच. परदेशी पाककृतीत ‘ताजं यीस्ट २० ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून माणूस कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातो, दुकानदार आधी बेकिंग पावडरचा डबा पुढे करतो, ‘ही नको’ म्हटलं की खायचा सोडा काढतो, आणि फारच आग्रह धरला तर कोरड्या यीस्टची डबी देतो. यातून ताजं यीस्ट आपल्याकडे मिळतच नाही असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. ज्या गावात रोज पाव भाजला जातो, त्या गावात किंवा त्याच्या आसपास ताजं यीस्ट असण्याची शक्यता चांगली असते. अडचण दोनच गोष्टींची आहे. ते दहा-वीस ग्रॅम मिळत नाही, अर्ध्या किलोची वडी घ्यावी लागते. आणि ती वडी कारखान्यातून निघाल्यापासून तुमच्या हातात पडेपर्यंत थंड राहिली होती का, हे कोणी सांगत नाही.

म्हणून खरेदीला निघताना ब्रँडचा विचार मागे ठेवा. तारीख आणि थंडावा या दोन गोष्टी पुढे ठेवा.

त्याआधी एक प्रश्न मात्र स्वतःला विचारायला हवा: मला ते खरंच हवं आहे का? महिन्यातून एकदा पिझ्झा किंवा लादी पाव करणाऱ्याने या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बंद पाकिटातलं इन्स्टंट यीस्ट कपाटात महिनोन्‌महिने राहतं, मोजायला सोपं आहे, आणि साध्या पावात चवीचा फरक फार थोड्यांना कळेल. ताज्या यीस्टने पाव ‘बेकरीसारखा’ होतो ही समजूत अर्धवट खरी आहे. बेकरीच्या पावाची चव भट्टीच्या आचेवर आणि पीठ किती वेळ आंबवलं यावरही ठरते. ताजं यीस्ट कामाचं ठरतं ते आठवड्याला दोन-तीनदा पाव करणाऱ्यांना, घरून ऑर्डर घेणाऱ्यांना आणि लोणी, अंडी, साखर भरपूर असलेल्या गोड पावांची हौस असणाऱ्यांना. जास्त साखरेच्या पिठात साधं इन्स्टंट यीस्ट सुस्तावतं. साखर पाणी धरून ठेवते आणि यीस्टच्या पेशींना ते कमी पडतं. अशा पिठासाठी कोरड्या यीस्टचा वेगळा प्रकार येतो, पण ताजी वडी हे काम बऱ्यापैकी निभावते. अशा लोकांसाठी पुढचं सगळं.

हे यीस्ट म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसिए नावाच्या एकपेशीय बुरशीच्या जिवंत पेशींचा दाबून केलेला ठोकळा. कारखान्यात ती वाढवतात मुख्यतः साखर कारखान्यातून निघणाऱ्या मळीवर, भरपूर हवा फुंकून. मग पेशी वेगळ्या काढून, धुऊन, पाणी दाबून काढतात. तरीही वडीत सुमारे ७० टक्के पाणी उरतं. कोरड्या यीस्टमध्ये ते पाच-आठ टक्क्यांवर आणलेलं असतं, आणि दोन्हींच्या टिकण्यातला फरक मुख्यतः तिथेच आहे. ओल्या वडीतल्या पेशी झोपलेल्या नसतात, थंडीने मंदावलेल्या असतात. थंडी गेली की त्यांचा श्वास वाढतो, श्वासातून उष्णता निघते, त्या उष्णतेने श्वास आणखी वाढतो. खोक्यात एकमेकींना चिकटून ठेवलेल्या वड्या गरम जागी राहिल्या तर आतून आपणहून तापतात आणि मऊ पडतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारभर टेम्पोत राहिलेल्या मालाचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून करा.

कोरडं यीस्ट आलं तेही या नाजूकपणावर तोड म्हणून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला शीतपेटीशिवाय टिकणारं यीस्ट हवं होतं, ते फ्लाइशमन कंपनीने तयार केलं. आज आपण वापरतो ते पाण्यात न भिजवता थेट पिठात घालायचं इन्स्टंट यीस्ट १९७० च्या दशकात फ्रान्सच्या लसाफ्र कंपनीने आणलं. अनेक देशांत घरगुती स्वयंपाकातून ताजी वडी मागे पडली ती अशा कोरड्या यीस्टमुळे.

आता शोधायचं कुठे? पहिला पत्ता म्हणजे तुमच्या भागातली पावाची बेकरी. केक-पेस्ट्रीचं काचेचं दुकान इथे उपयोगाचं नाही, कारण तिथला माल बहुधा दुसरीकडून तयार होऊन येतो. जिथे मागे भट्टी आहे आणि लादी पाव निघतात, ती जागा शोधा. तिथे कणीक रोज मळली जाते, त्यामुळे यीस्टची वडी फार दिवस पडून राहत नाही. पहाटे आणि दुपारी पाव बाहेर निघण्याच्या घाईत जाऊ नका, त्या वेळी कोणी तुमच्याशी बोलणार नाही. गर्दी ओसरल्यावर जा. मुंबईत बेकरीत काम करणारी बरीच मंडळी उत्तर प्रदेशातली आहेत, तेव्हा “चाचा, थोडा ईस्ट मिलेगा? घर में पाव बनाना है,” इतकं पुरे. यीस्टला तिथे कोणी ‘ईस्ट’ म्हणेल, कोणी ‘खमीर’. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या बेकरीत मामांशी मराठीतच बोला आणि जाताना स्वतःचा छोटा डबा न्या. वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका. पन्नास ग्रॅमसाठी पैसे घेतील किंवा घेणार नाहीत. नाही घेतले तर डझनभर पाव घेऊन या, म्हणजे पुन्हा जायला तोंड राहतं.

बेकरीतून सुटं घेण्यात एक तोटा आहे: वेष्टनावरची तारीख तुम्हाला दिसत नाही. विचारा, “वडी कधी फोडली?” आज किंवा काल, असं उत्तर आलं आणि वडी शीतकपाटातून काढून दिली तर घ्या. भट्टीजवळच्या फळीवरून उचलून दिली तर हसून आभार माना, आणि घरी आणून त्याच दिवशी वापरा किंवा सोडून द्या.

गोव्यात पोदेराकडे, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडे, विचारून बघा. तिथल्या पावाचा इतिहास वेगळा आहे. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्या ओळखीचं यीस्ट इथे नव्हतं, म्हणून पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली गेली. आता सुरेऐवजी बहुतेक ठिकाणी विकतचं यीस्टच असतं. सूर घालून केलेला पाव कुठे मिळाला तर तो जरूर खा, पण घरी सुरेवर प्रयोग करणं हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात दर दिवशी वेगळा पाव निघायची तयारी लागते.

दुसरा पत्ता म्हणजे बेकरीचं सामान विकणारी दुकानं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीच्या परिसरात साचे, खोकी, रंग, चॉकलेट विकणारी दुकानं आहेत. हल्ली उपनगरांत आणि तालुक्याच्या गावीही केक करणाऱ्या गृहिणींमुळे अशी दुकानं निघाली आहेत. पण केकला यीस्ट लागत नाही हे लक्षात ठेवा. दुकानात शंभर प्रकारचे स्प्रिंकल्स असतील आणि ताजं यीस्ट नसेल. फोन करून ‘फ्रेश यीस्ट’ किंवा ‘ओलं यीस्ट’ आहे का असं विचारा, नुसतं ‘यीस्ट’ म्हटलं तर समोरचा कोरडंच धरून चालतो.

फोनवर आणखी दोन प्रश्न विचारायचे. माल कोणत्या वारी येतो? आणि ठेवता कशात? पहिल्या प्रश्नाचं ठाम उत्तर आलं, ‘दर मंगळवारी’ वगैरे, तर तिथे माल फिरतो आहे असं समजा आणि बुधवारी जा. ‘असतो नेहमी’ हे उत्तर मला आवडत नाही. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. या दुकानांत व्हिपिंग क्रीमसाठी मोठा डीप फ्रीजर असतो आणि जागा नसली की यीस्टही त्यातच ढकललं जातं. गोठलेल्या वडीतल्या बऱ्याच पेशी मरतात. तिची जागा साध्या शीतकपाटात आहे, शून्याच्या वर आणि चार-पाच अंशांच्या आत. उलट काही दुकानदार वीज वाचवायला रात्री फ्रिज बंद करून जातात. हे कोणी कबूल करणार नाही, पण सकाळी दुकान उघडताच गेलात तर वडीला हात लावून कळतं.

ऑनलाइन मागवणं मी फक्त एकाच परिस्थितीत सुचवेन: विक्रेता तुमच्याच शहरातला आहे, त्याच दिवशी पोहोचवतो आणि बर्फाच्या पिशवीसह पाठवतो. दुसऱ्या राज्यातून तीन दिवसांनी येणाऱ्या वडीला हिवाळ्यातही माझा नकारच. औषधांच्या दुकानातल्या यीस्टच्या गोळ्या आणि ‘आरोग्यदायी’ मालाच्या दुकानातले पिवळे न्यूट्रिशनल यीस्टचे पापुद्रे या कामाचे नाहीत. त्या पापुद्र्यांतल्या पेशी उष्णता देऊन मारलेल्या असतात, त्यांच्याने पीठ फुगत नाही.

वडी हातात आली की तपासणी. आधी तारीख. थंड जागी ताज्या यीस्टचं आयुष्य साधारण तीन ते चार आठवडे, नेमका आकडा वेष्टनावर असतो तोच प्रमाण धरायचा. त्यातले पंधरा दिवस आधीच उलटले असतील तर अर्ध्या किलोची वडी घरगुती माणसाने घेऊ नये. उरलेल्या दिवसांत ती संपणार नाही. तारखेवर स्टिकर चिकटवलेला असेल, छपाई खरवडलेली असेल, तर पुढे तपासायची गरजच नाही.

मग स्पर्श. चांगली वडी घट्ट आणि थंड लागते, अंगठ्याने दाबली तर खळगा पडत नाही. चिकणमातीसारखी दबली तर ती कुठेतरी तापून आली आहे. वेष्टन आतून ओलं असेल, त्यावर पाण्याचे थेंब असतील, तर थंड-गरम-थंड असा प्रवास झालेला आहे. दुकानदार फोडू देत असेल तर कोपरा मोडून बघा. ताजी वडी स्वच्छ तुटते, तुकडा बोटांत चुरगळतो आणि हाताला चिकटत नाही. रंग फिकट, मळकट पांढऱ्याकडे झुकणारा, सगळीकडे सारखा. कडा नुसत्याच वाळून थोड्या तपकिरी झाल्या असतील तर तेवढा भाग खरवडून बाकीची वापरता येते. आतपर्यंत काळपट पट्टे गेले असतील, हिरवे-काळे ठिपके असतील किंवा पृष्ठभाग बुळबुळीत असेल तर नाही. वास सौम्य, किंचित आंबूस, किंचित फळासारखा असावा. नाकात जाणारा, चीज किंवा कुजक्या मांसाची आठवण करून देणारा वास आला की तिथेच ठेवून द्या. या सगळ्यात मी सर्वांत जास्त भरवसा मोडण्यावर ठेवते. रंग दुकानातल्या दिव्यात फसवतो, वास सर्दीत कळत नाही, पण स्वच्छ तुटणारी वडी क्वचितच दगा देते.

घरी आणायची तयारी आधी हवी. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, वर वडी. बर्फ थेट टेकू देऊ नका. ही खरेदी सगळ्यांत शेवटी करा आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती कधीच ठेवू नका. लोकलने तासभर आणायची असेल तर रुंद तोंडाचा थर्मास उत्तम.

घरी आल्यावर त्याच दिवशी वाटणी करायची. पाचशे ग्रॅम मैद्याच्या पावाला साधारण दहा ग्रॅम ताजं यीस्ट लागतं, म्हणजे एका वडीत असे पन्नास घाणे. एका घरात तीन आठवड्यांत ते संपत नाहीत. सोसायटीत, भिशीच्या गटात पाव करणाऱ्या तीन-चार जणी असतील तर आळीपाळीने एकीने वडी आणायची आणि चौघींनी वाटून घ्यायची. ज्यांना शक्य असेल त्यांनी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा. नसेल तर सुरीने काम भागतं: वडी बरोबर मधोमध कापा, अर्ध्याचं पुन्हा अर्धं, असं पाच वेळा केलं की एक तुकडा साधारण साडेपंधरा ग्रॅमचा येतो. गोड पावाच्या एका घाण्याला तो बरोबर बसतो. सुरी कोरडी आणि स्वच्छ हवी.

ठेवायचं कसं? आठवड्याभराचे तुकडे बटर पेपरमध्ये गुंडाळून, डब्यात, फ्रिजच्या मधल्या किंवा खालच्या कप्प्यात अगदी मागे. दारात नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. हवाबंद पिशवीत घट्ट कोंडू नका, आत पाणी सुटतं आणि वडी घाम धरते. फ्रीजर हा नाइलाजाचा मार्ग आहे. दहा-दहा ग्रॅमचे तुकडे वेगवेगळे बांधून गोठवता येतात, पण महिन्या-दोन महिन्यांत संपवा, वापरण्याआधी रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्या. मेलेल्या पेशींतून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बाहेर पडतं आणि ते पिठाची ताकद कमी करतं. गोठवलेल्या यीस्टची कणीक सैल, पसरट वाटते ती यामुळे. तिच्यात पाणी जास्त झालं असं समजून मैदा वाढवू नका.

वापरताना ताज्या यीस्टला साखरेच्या पाण्यात फेस येईपर्यंत थांबायची गरज नसते. कोमट पाण्यात विरघळवलं किंवा थेट मैद्यात चुरलं तरी चालतं. फेसाची चाचणी फक्त जुन्या तुकड्यासाठी: अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, बोराएवढं यीस्ट. दहा-पंधरा मिनिटांत वर जाडसर फेस आला तर जिवंत आहे. मीठ आणि यीस्ट एकत्र ठेवू नका. ताज्या यीस्टवर मीठ चोळून बघा, काही मिनिटांत त्याचं पाणी होतं, कारण मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं. पिठात दोन्ही पसरल्यावर मात्र घाबरायचं कारण नाही.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे उलटी चूक होते. पुस्तकं ‘कोमट पाणी’ म्हणतात ती थंड देशांसाठी. नागपुरात किंवा जळगावात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमटाच्या पलीकडे असतं. कणकेचं तापमान २७ ते ३० अंशांच्या आसपास राहावं हा हेतू. म्हणून उन्हाळ्यात माठातलं पाणी घ्या आणि यीस्ट दहाऐवजी पाच-सहा ग्रॅमच घाला, नाहीतर पीठ तासाभरात वर येऊन आंबट होईल. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे पाणी कोमट करा, बोट सुखाने बुडेल इतपत. पंचेचाळीस अंशांच्या पुढे यीस्टला त्रास सुरू होतो आणि ५५ ते ६० अंशांत ते मरतं. रात्रभर फ्रिजमध्ये आंबवायच्या कणकेला पाचशे ग्रॅम मैद्यामागे दोन-तीन ग्रॅम पुरतं. बन, ब्रिओश अशा लोणी-साखरेच्या पिठाला १५ ते २० ग्रॅम लागतं.

पाककृतीतलं माप बदलायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: दहा ग्रॅम ताज्याऐवजी सुमारे चार ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय (पाण्यात भिजवून घालायचं कोरडं यीस्ट) किंवा सव्वातीन ग्रॅम इन्स्टंट. अमेरिकी पाककृतीतलं ‘एक पाकीट’ सात ग्रॅमचं असतं, त्याच्या जागी १७ ते २१ ग्रॅम ताजं. जर्मन पाककृतीतला ‘एक ठोकळा’ ४२ ग्रॅमचा. स्वीडनमध्ये तो ५० ग्रॅमचा असतो.

हे ठोकळे जर्मनी, स्वीडनसारख्या देशांत राहणाऱ्या मराठी घरांना साध्या सुपरमार्केटात, लोणी-दह्याच्या थंड कप्प्यात मिळतात, तेव्हा तिथे लादी पाव करायला कोरडं यीस्ट शोधत बसू नका. जर्मनीत पाकिटावर ‘हेफे’ हा शब्द शोधायचा. इंग्लंडमध्ये ते तितकं सहज मांडलेलं नसतं. बेकरी विभाग असलेल्या मोठ्या दुकानात काउंटरवर मागून बघा, काही ठिकाणी देतात. नाही मिळालं तर जवळचं पोलिश किराणा दुकान गाठा, तिथल्या फ्रिजमध्ये शंभर ग्रॅमचा ठोकळा ‘द्रोज्जे’ या नावाने असतो.

आणि उरलेलं, मंदावलेलं यीस्ट? ‘ब जीवनसत्त्व असतं’ म्हणून कच्चं खाऊ नका, जिवंत यीस्टने पोट फुगतं. फेस कमी येत असेल पण वास चांगला असेल तर त्याचे लवाश किंवा कुरकुरीत ब्रेडस्टिक्स करा. त्यांना फार फुगावं लागत नाही. फेस आलाच नाही तर उकळतं पाणी ओतून, गार करून, कंपोस्टच्या बादलीत टाका. पाणी ओतायला विसरलात आणि बादलीत फळांची सालं असतील, तर थोडी जान उरलेलं यीस्ट तिथे कामाला लागतं आणि दुसऱ्या दिवशी बाल्कनीला ताडीचा वास येतो.